उताराच्या बारा फेऱ्या

आधीच सांगून टाकते, मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. स्कूटरला किक मारायची आणि ऑफिस गाठायचं, एवढाच माझा आणि इंजिनाचा संबंध. तरी गेल्या हिवाळ्यात लागोपाठ तीन रविवार मी एका ओसाड रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एका लाल गाडीच्या फेऱ्या वहीत लिहीत होते. का, तर आमच्या ह्यांची हौस.

हे म्हणजे विलास पोहनकर. मूळचे वर्ध्याकडचे. छत्तीस वर्षं इथे भोपाळच्या मोठ्या कारखान्यात टेस्टिंगला होते. मशीन बनवायचं दुसऱ्यांनी, हे फक्त ते चालवून बघायचे आणि आकडे टिपायचे. लग्न झालं तेव्हा मी एकदा विचारलं होतं, की तुम्ही नेमकं करता काय. म्हणाले, "रीडिंग घेतो." बस, एवढंच. पुढे कळलं की ह्यांनी घेतलेलं रीडिंग कारखान्यात कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. साहेब नुसतं विचारायचे, "पोहनकर ने लिया है?" आणि कागद पुढे जायचा. घरात मात्र ह्याच माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, हा भाग वेगळा.

रिटायर झाल्यावर पहिली दोन वर्षं मला फार जड गेली. दुधाचं तापमान, टाकीतली पाण्याची पातळी, पंख्याच्या रेग्युलेटरवर किती व्होल्ट, सगळं मोजून झालं. मग आमच्या लेकीने, मृणालने, पुण्याहून काड्यापेटीएवढं एक डबडं पाठवलं. हल्लीच्या प्रत्येक गाडीत स्टीअरिंगपाशी सोळा भोकांचं एक सॉकेट असतं म्हणे. त्यात हे डबडं खुपसलं की गाडीच्या पोटातलं सगळं मोबाइलवर दिसतं. वेग किती, इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय. झालं, हे हरखले. अयोध्या नगरात आमच्या गल्लीतली एकही गाडी सोडली नाही. लोक भाजी आणायला निघाले की हे डबडं घेऊन फाटकात उभे.

त्यात निनाद भेटला. हा दातांचा डॉक्टर, आमच्याच चौकात दवाखाना आहे. माझी दाढ त्यानेच काढली. मराठी घरातला, पण जन्म-शिक्षण सगळं भोपाळचं, त्यामुळे त्याची मराठी म्हणजे खिचडी. त्याने दोन माणसांची ती बसकी, लाल, परदेशी स्पोर्ट्स कार सेकंडहँड घेतली होती. म्हणे, "काका, मला असं वाटतं की गाडी पिकअप घेत नाहीये. इंदूरचे शोरूमवाले म्हणतात ठीक आहे. तुम्ही बघता का?" ह्यांना कुणी 'तुम्ही बघता का' म्हणून सहा-सात वर्षं झाली होती. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

निनादच्या ओळखीच्या एकाने बायपासच्या पलीकडे प्लॉट पाडले होते. तिथला रस्ता तयार होता, पण वस्ती नाही, रहदारी नाही, नुसते विजेचे खांब. रस्ता वरून एका नाल्याच्या पुलापर्यंत उतरत जातो आणि मध्ये वळण आहे, त्यामुळे वरून पूल दिसत नाही. ह्यांनी रीतसर बेत आखला. दर रविवारी सकाळी सहा फेऱ्या. दोघं बसून दोनदा उतारावर, दोनदा चढावर. मग हे पुलावर उतरणार आणि निनाद एकटाच रिकामी गाडी दोनदा वर आणणार; त्यासाठी मध्ये पुलाकडे जाणं मोजणीत नाही. प्रत्येक फेरीत एकच बघायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चाळीसवरून शंभरवर जायला किती सेकंद लागतात. ते डबडं फेरीचे आकडे साठवतं आणि नुसता नंबर देतं, एक, दोन, तीन. कोणती फेरी कशी होती ते माणसाने लिहायचं. ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नाही, म्हणून मला नेलं.

आता माझ्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील नागपूरहून सरकारी फायलींबरोबर भोपाळला आले. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि दोन्हींची सरमिसळ त्यांना खपत नसे. जेवताना कुणी 'मला भूक लागली पण सब्जी नको' असं म्हटलं की वडील घास खाली ठेवायचे. ते सगळं माझ्या अंगात आलं. मीही मंत्रालयात कारकून होते, मसुदे शुद्ध करून लिहायचे, माझ्या अक्षराचं नाव होतं. अजूनही कुणी मराठी माणूस 'ही वाली' म्हणाला की माझं डोकं फिरतं. निनादला मी दाढ काढतानासुद्धा सुधारलं होतं, तोंडात कापूस असताना.

तर रविवारी मी वर खुर्चीत. सोबत थर्मास आणि सोलायला मटार. दोघं खाली जाऊन वर आले की हे खिडकीतून सांगायचे, "एक नंबर उतार, दोन नंबर चढ." मी लिहायची. मग हे पुलावर थांबायचे आणि निनाद एकटा वर येऊन सांगायचा, "काकू, ही वाली खाली होती."

"ही वाली काय रे, ही म्हण नुसतं," मी म्हणायची आणि लिहायची: पाच नंबर, उतार. कारण ह्यांनी वहीत 'चढ' आणि 'उतार' असे दोनच शब्द ठरवले होते. खाली म्हणजे उताराकडे. सरळ आहे. मसुदा शुद्ध केला, मटार सोलायला लागले.

पहिल्या रविवारी संध्याकाळी हे वही आणि मोबाइल घेऊन टेबलाशी बसले ते जेवायलाच उठेनात. चढाच्या फेऱ्या साडेसहा सेकंदांच्या, दोन्ही अगदी सारख्या. उताराच्या मात्र चार, आणि त्यांतल्या दोन सव्वापाच सेकंदांच्या, दोन सहाच्या वर. तोच रस्ता, तोच उतार, तीच गाडी.

"असं कसं होईल," हे म्हणाले.

"मला काय विचारता? तुमचा विषय."

"रिकाम्या फेऱ्या कुठायत?"

"ते मला काय माहीत. जे सांगितलं ते लिहिलंय."

ते वहीकडे बघत बसले. "मी पुलावर उतरलो होतो ना?"

"उतरला असाल लघवीला," मी म्हटलं. मला उशीर होत होता, कुकर व्हायचा होता. खरं सांगते, मी तेव्हा मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. हवा कमी असेल म्हणून टायर तपासले. इंजिनात जाणारी हवा गरम असेल म्हणून तापमान बघितलं. वारा कुठून होता ते खांबाला रुमाल बांधून पाहिलं. निनादला विचारून पेट्रोल बदललं. तरी उताराच्या चार फेऱ्यांचे दोन गट ते दोनच, आणि रिकामी फेरी वहीत एकही नाही. हे रात्री आडवे झाले तरी बोटांवर काहीतरी मोजत होते.

सोमवारी सकाळी मला म्हणाले, "नलू, मी बेतात रिकाम्या फेऱ्या लिहिल्या होत्या. मग करायला विसरलो का?"

मी चहा गाळत होते. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. कारण हे बोलणं मी आधी ऐकलं होतं, ह्यांच्या तोंडून नाही, ह्यांच्या मोठ्या भावाच्या. नीळकंठदादा इथेच, कोटऱ्याला राहायचे. त्यांचं असंच सुरू झालं. मी बँकेत गेलो होतो ना, मी गेलो नव्हतो ना. मग एके दिवशी रिटायर झालेला माणूस डबा घेऊन ऑफिसला निघाला. शेवटी शेवटी तर स्वतःच्या मुलाला 'साहेब' म्हणायचे. त्यांना अंघोळ घालायला हेच जात.

मी ह्यांच्यापुढे चहा ठेवला. गच्चीवर गेले आणि मृणालला फोन लावला. म्हटलं, "बाबांचं मला काही खरं दिसत नाही गं." ती पोर तिकडे रडायलाच लागली. मग तिने इकडची-तिकडची माहिती काढली आणि साकेत नगरच्या बाजूला मेंदूचे एक डॉक्टर आहेत, त्यांची वेळ घेतली.

ह्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. त्यांनी निनादला विचारावं, असं मी एकदा सुचवलं. म्हटलं, तो होता ना गाडीत. हे पहिल्यांदा माझ्यावर खेकसले. "त्याला विचारू? म्हणजे त्याला कळू दे की पोहनकरला स्वतःने घेतलेलं रीडिंग आठवत नाही?" आणि मग हळू आवाजात म्हणाले, "एक रविवार बघू."

तिसऱ्या रविवारी ह्यांनी डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहून घेतलं होतं, 'रिकामी, २'. मला दिसू नये म्हणून मूठ मिटून बसले होते, पण मला दिसलं. पुलावरून परत आले तेव्हा तो हात त्यांनी दोनदा उघडून पाहिला आणि समाधानाने हसले. घरी आल्यावर वही उघडली. उतार, चढ, उतार, चढ, उतार, उतार.

मी आतापर्यंत ह्यांना रडताना दोनदा पाहिलंय, एकदा आई गेली तेव्हा आणि एकदा मृणालला सोडायला पुण्याला गेलो तेव्हा. त्या दिवशी रडले नाहीत. वही मिटली, हात धुतला, बराच वेळ साबण लावून धुतला. मग म्हणाले, "मृणाल कुठल्या डॉक्टरचं म्हणत होती?"

म्हणजे ह्यांना माहीत होतं. आम्ही मायलेकी किती हळू बोलतो ते आमचं आम्हाला.

बुधवारची वेळ होती. मी निघायला लागले तर म्हणाले, "मी एकटा जातो. एकट्याला जाता येतं का ते तरी बघू." स्कूटरची किल्ली खिळ्यावरून काढली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. मग बसने गेले. मी फाटकात उभी राहून बघितलं, बरोबर बाजूला वळतात का. वळले.

अकराच्या सुमाराला गॅसवाला आला. गेली कित्येक वर्षं हाच येतो. भरलेला सिलेंडर दारात टेकवला आणि नेहमीसारखं म्हणाला, "आंटी, खाली दे दो."

मी मागच्या अंगणात गेले, रिकामा सिलेंडर कलता करून गोल फिरवत आणायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. खाली दे दो. खाली. ही वाली खाली होती, काकू.

मला काही क्षण कळेचना की मला काय कळलंय. उलट मी स्वतःशी भांडायलाच लागले, की तो मराठीत बोलत होता, मराठीत खाली म्हणजे खाली. पण तो निनाद. त्याच्या 'वाली'वर मी तीन रविवार तुटून पडले आणि त्याच्या 'खाली'ला मात्र शुद्ध मराठी समजून चालले. गॅसवाल्याच्या 'खाली'ला मी आयुष्यात कधी 'उतार' समजले नाही. का, तर तो हिंदी माणूस. निनाद माझ्याशी मराठीत बोलला म्हणून माझा कान मराठी झाला. गॅसवाला बाहेरून हाका मारत होता आणि मी सिलेंडर धरून अंगणात उभी. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

त्याला कसंबसं वाटेला लावलं आणि वही काढली. प्रत्येक रविवारची पाचवी आणि सहावी फेरी. तीन रविवार, सहा फेऱ्या. उतार म्हणून बारा लिहिलेल्या, त्यांतल्या सहा उताराच्या नव्हत्याच. रिकाम्या होत्या, चढाच्या होत्या. ह्यांनी बेत केला तशाच झाल्या होत्या, एकही विसरली नव्हती.

हिशोब पुन्हा लावावा म्हणून कोरं पान शोधायला मी वही मागून उघडली. शेवटच्या पानावर ह्यांचं ते कोंबडीच्या पायासारखं अक्षर. वर तारीख होती, दुसऱ्या सोमवारची.

'मी विलास पोहनकर. अयोध्या नगर, पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक. बायकोचं नाव नलिनी. तिला फोन करावा. आधी रागावेल. घाबरू नये.' आणि त्याखाली माझा नंबर, दोनदा लिहिलेला.

मी ती वही छातीशी धरून रिक्षात बसले. रिक्षावाल्याला तीनदा सांगितलं, जल्दी चलो. तो म्हणाला, सिग्नल है आंटी. त्याच्यावरही ओरडले. साकेत नगर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच, की हे आत जाण्याआधी मला त्यांना गाठायचंय.

हे बाहेरच्या बाकावर बसले होते, हातात चिठ्ठी, चष्मा चढवून समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचत. मला बघून उठले. "काय झालं? मृणाल ठीक आहे ना?"

"सगळे ठीक आहेत. बसा. तुम्ही ठीक आहात. मी गाढव आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. गॅसवाला, निनाद, खाली, उतार. मला वाटतं मी फार जोरात बोलत होते, कारण बाकावरचे लोक सरकून बसले.

त्यांना आधी काही समजलंच नाही. "खाली म्हणजे?" असं तीनदा विचारलं. मग माझ्या हातातून वही घेतली, खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीच्या पाठीवर तीन ओळी मांडल्या. दोघं चढावर, साडेसहा. रिकामी चढावर, सहाच्या जरा वर. दोघं उतारावर, सव्वापाच. प्रत्येक ओळीत सहा आकडे, आणि सहाच्या सहा एकमेकांना लागून.

"गाडी ठणठणीत आहे," हे म्हणाले. "तिन्ही रविवार काही फरक नाही. निनादचा भास आहे." आणि चिठ्ठीवर बोट फिरवत राहिले. त्यांचा चेहरा कारखान्यातून सुटून आल्यावर असायचा तसा झाला होता.

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला एकदाही वाटलं नाही की मी चुकीचं लिहिलं असेल?"

"तुझं अक्षर होतं ना ते," ते म्हणाले. "तू लिहिलंयस म्हणजे तसंच असणार. मग चुकलं कोण, तर मीच." हे त्यांनी रीडिंग सांगावं तसं साधेपणाने सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला. "तुला काय वाटलं होतं? माझंही दादासारखं?"

खोटं बोलता आलं असतं. माझी जीभ तशी चालते. पण त्यांनी विचारलं ते असं, की खोटं बोलवेना.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या सोमवारपासून. तुम्ही विसरलो का म्हणालात, आणि मी लगेच मानलं. निनादला दोनदा एकटाच वर येताना पाहिलं होतं, तरी वही उघडून बघितली नाही. निनादला फोन केला नाही. आधी मृणालला फोन केला."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. तेवढ्यात आतून आवाज आला, विलास पोहनकर. मी उठले. म्हटलं, आता कशाला जायचं, घरी चला. ते म्हणाले, "नाही. इथपर्यंत आलोय, तर एकदा बघून घेऊ दे त्यांना. कुणीतरी नीट तपासलेलं बरं." मला चल म्हणाले नाहीत. वही माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेले. दार पूर्ण लागलं नव्हतं.

मी पिशवीतून पेन काढलं. ऑफिसात नियम होता, लिहिलेलं बदलायचं झालं तर रबर नाही, पांढरी शाई नाही. एक रेघ मारून चुकीचं खोडायचं, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी ज्याची चूक त्याने सही करायची. मी पहिल्या रविवारचं पान काढलं. पाचवी फेरी. उतार खोडलं, वर 'रिकामी, चढ' लिहिलं आणि शेजारी सही केली, नलिनी पोहनकर, पूर्ण नाव. मग सहावी. मग दुसऱ्या रविवारची पाचवी. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, आज कौन सा दिन है, कौन सा महीना, और आपके साथ कौन आया है। वार सांगितला, महिना सांगितला. तिसऱ्या प्रश्नाला हे जरा थांबले. मी पेन उचलून धरलं.

"मेरी पत्नी," हे म्हणाले. "बाहर बैठी है."

मी उरलेल्या तीन सह्या केल्या.